मायवर गेलेला दाणा

पांढऱ्या मक्याच्या कणसात मधूनच एखादा पिवळा दाणा निघाला की माझी आजी तो अंगठ्याच्या नखानं उचकटून काढायची. दात पडल्यावर हिरडीत दिसते तशी खाच त्या जागी राहायची. "शेजारना वारा लागना," असं म्हणून ती दाणा कोंबड्यांकडे टाकायची. "येनं बी धरानं नही."

आमचं गाव पांझरेकाठी, धुळ्याच्या खालच्या अंगाला. आजीचं माहेर शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात तिनं माहेराहून पांढऱ्या मक्याची सहा कणसं आणली आणि मळ्याच्या मधोमध चार ओळी लावल्या. तेव्हापासून आमच्या धाब्याच्या घरात, चुलीच्या वरच्या सऱ्याला, पाल्यासकट जोड्या बांधलेली कणसं टांगलेली असत. धुरानं पाला काळा पडे, पण आतल्या दाण्याला भुंगा लागत नसे. पुढे गावात पिवळा हायब्रीड मका आला, मग सगळीकडे तोच झाला. आजीच्या चार ओळींना चारी बाजूंनी पिवळ्या शेजाऱ्यांनी वेढलं. कणसातले पिवळे दाणे वर्षागणिक वाढत गेले आणि आजीचं नख जास्त चालू लागलं.

तिला जे दिसत होतं ते किती विलक्षण आहे, हे मला कृषी महाविद्यालयात गेल्यावर कळलं.

आंब्याच्या मोहोरावर कुठल्याही झाडाचे परागकण पडले तरी गर मोहोर ज्या झाडाचा त्याच्याच चवीचा निघतो. गर हा आईच्या शरीराचा भाग. बापाचा वाटा कोयीच्या आत असतो आणि तो कळायला कोय लावून काही वर्षं थांबावं लागतं. मक्यात आपण जे खातो ते आईचं शरीर नव्हे, ते लेकरू आहे. म्हणून बापाचा रंग त्याच हंगामात, त्याच कणसात उघडा पडतो. कणसाच्या प्रत्येक दाण्याची स्वतःची एक मिशी असते. तिच्यावर वाऱ्यानं आणलेला एक परागकण रुजतो आणि त्याची नळी मिशीच्या आतून खाली दाण्यापर्यंत उतरते. शेजारच्या दोन दाण्यांची आई एकच, पण बाप वेगळे असू शकतात. पाचशे दाण्यांच्या कणसाला पाचशे वेगवेगळे बापही असू शकतात.

परागकणातून दोन नरपेशी येतात. १८९८ मध्ये सेर्गेई नवाशिन या शास्त्रज्ञानं लिलीच्या कुळातल्या फुलांत पाहिलं की एक नरपेशी अंडपेशीशी एकरूप होते आणि दुसरीही वाया जात नाही. ती शेजारच्या मोठ्या पेशीत शिरते, जिथे आईची दोन केंद्रकं आधीच थांबलेली असतात. पहिल्या मीलनातून गर्भ होतो, म्हणजे आपण ज्याला मक्याचा कोंब म्हणतो तो. दुसऱ्यातून भ्रूणपोष होतो, म्हणजे पीठ. दाण्याच्या वजनाचा पाचात चार किंवा त्याहून थोडा अधिक भाग हा भ्रूणपोषच. त्याच्या प्रत्येक पेशीत आईच्या जनुकांच्या दोन प्रती आणि बापाच्या जनुकांची एक. गर्भात मात्र एकास एक, आपल्यासारखंच.

भ्रूणपोषाला पुढची पिढी नसते. गर्भाला अन्न पुरवायचं आणि संपून जायचं, एवढंच त्याचं आयुष्य. माणूस जगभर जे धान्य खातो त्यातलं बहुतेक हेच, निपुत्रिक भावंडानं आपल्या भावासाठी साठवलेलं अन्न. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी भाकरीकडे बराच वेळ पाहत बसले होते.

एम.एस्सी.ला मी मक्याचे उलटसुलट संकर केले. आमच्यात त्याला रेसिप्रोकल क्रॉस म्हणतात. एका वाणाची आई आणि दुसऱ्याचा बाप, मग तेच उलटं करून दुसऱ्याची आई आणि पहिल्याचा बाप. एक वाण पिवळा होता, दुसरा आजीचा पांढरा, आणि बघायचं होतं दाण्यातलं प्रथिन. रब्बीचा हंगाम होता. मिशा बाहेर पडायच्या आधी कोवळ्या कणसांवर बटर पेपरच्या पिशव्या चढवायच्या, तुऱ्यांवर तपकिरी पिशव्या, आणि सकाळी दव उडालं की तुऱ्याची पिशवी झटकून पिवळी धूळ मिशांवर पाडायची. त्या हंगामातल्या सकाळी थंड होत्या आणि मी अतिशय आनंदात होते.

कणसं वाळल्यावर दाणे मोकळे करून कागदी पाकिटांत भरले, वर शाईच्या पेनानं आईबापांची नावं लिहिली. सुट्टीत पाकिटं घरी आणली, कारण दाणे मोजायचे राहिले होते. फाल्गुनात एका रात्री अवकाळी पाऊस आला. धाब्याला एका कोपऱ्यात गळती होती आणि माझी पिशवी नेमकी त्याच कोपऱ्यात होती. सकाळी पाहिलं तर बावीस पाकिटांवरची शाई निळ्या डागांपलीकडे काही सांगत नव्हती. दाणे ठीक होते. त्यांची नावं गेली होती.

ही चूक माझीच होती. पेन्सिलीनं लिहायचं हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. मी ओट्यावर बसून रडत होते. आजी आली, एक पाकीट सुपात ओतलं, दाणे उन्हाकडे धरून खालीवर केले.

"हाऊ दाना पांढरी मायना शे," ती म्हणाली.

दुसरं पाकीट ओतलं. "हाऊ पिवयी मायना. दख बाई, मायवर गया."

तिनं अर्ध्या तासात बावीस पाकिटांचे दोन ढीग केले. माझ्या दृष्टीनं सगळे दाणे पिवळेच होते. तिनं दाखवल्यावर मलाही दिसायला लागलं. एका ढिगातले दाणे गडद, हळदीच्या अंगाचे. दुसऱ्यातले फिके, लोण्यात हळद कमी पडल्यासारखे. कॉलेजात माझी चार कणसं न सोललेली, टॅगसकट राहिली होती. परत गेल्यावर ती काढून शेजारी ठेवली. आजी बरोबर होती, चारही वेळा.

याचं कारण १९३१ मध्येच अमेरिकेत मँगल्सडॉर्फ आणि फ्रॅप्स या दोघांनी दाखवलं होतं. मक्याच्या दाण्यातलं पिवळेपण, आणि त्यासोबत येणारी अ जीवनसत्त्वाची ताकद, पिवळ्या जनुकाच्या प्रती मोजून वाढते. तीन प्रती म्हणजे सर्वांत जास्त, दोन म्हणजे थोडी कमी, एक म्हणजे आणखी कमी. आई पिवळी असेल तर दाण्यात पिवळ्याच्या दोन प्रती येतात. बाप पिवळा असेल तर एकच. कागदावर दोन्ही संकरांची आईबापं तीच, गर्भही सारखाच, पण पिठात आईचा हात दुप्पट. आजीच्या डोळ्यांना हा हिशेब दिसत होता.

माझ्या मार्गदर्शकांना मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी आजीचं मनापासून कौतुक केलं आणि ती बावीस पाकिटं प्रबंधात घेऊ दिली नाहीत. नाव गेलेला दाणा हा पुरावा होत नाही, म्हणाले. तेव्हा वाईट वाटलं. आज मी शिकवते, आणि माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगते. पुढच्या रब्बीत मी सगळे संकर पुन्हा केले, पेन्सिलीनं लिहून.

त्या वाढीव वर्षात मला वाचायला वेळ मिळाला. आईचा दुप्पट हात ही गोष्टीची सुरुवात आहे, हे मला त्याच वाचनात कळलं.

त्याआधी प्रथिनाबद्दल थोडं सांगते, कारण खान्देशातल्या चुलीशी त्याचा थेट संबंध आहे. मक्याच्या दाण्यात साधारण दहा टक्के प्रथिन असतं आणि त्यातलं निम्म्याहून अधिक झीन या एका कुटुंबाचं. जॉन गोरहॅम यांनी १८२१ मध्ये ते वेगळं काढलं आणि नाव दिलं. परागण झाल्यावर दोनेक आठवड्यांनी भ्रूणपोषाच्या पेशी झीन बनवायला लागतात आणि बारीक गोळ्यांत भरून ठेवतात. गोळीच्या कवचाला गॅमा आणि बीटा जातीचे झीन, पोटात अल्फा आणि डेल्टा. अल्फाची जनुकं एकदोन नाहीत, एकाच्या शेजारी एक अशी डझनावारी आहेत. पेरणीनंतर कोंब फुटतो तेव्हा या गोळ्या विरघळतात आणि रोपाला पहिलं नत्र मिळतं. रोपाला ते पुरतं. आपल्याला पुरत नाही.

१९१४ मध्ये ऑस्बॉर्न आणि मेंडेल यांनी उंदरांना प्रथिन म्हणून फक्त झीन दिलं. उंदीर खंगत गेले. ट्रिप्टोफॅन मिसळल्यावर ते तगले, पण वाढेनात. लायसिनही मिसळलं तेव्हा वाढायला लागले. झीनमध्ये ही दोन अमिनो आम्लं जवळपास नाहीतच. डाळींमध्ये लायसिन भरपूर असतं, मात्र मिथिओनिन हे आणखी एक अमिनो आम्ल कमी, आणि ते धान्यातून मिळतं. आमच्याकडे दादर जातीच्या ज्वारीत उडीद दळून कळण्याची भाकरी करतात. आजी मक्याच्या पिठातही तो कळणा मिसळायची, आणि वर उडदाची घोटलेली दाळ. रसायनशास्त्राला जी जोडी विसाव्या शतकात सापडली ती आमच्या जात्यात आधीपासून दळली जात होती.

१९६४ मध्ये मर्ट्झ, बेट्स आणि नेल्सन या पर्ड्यू विद्यापीठातल्या तिघांनी ओपेक-२ नावाच्या मक्यात लायसिन जवळपास दुप्पट असल्याचं दाखवलं. ओपेक-२ मध्ये झीनची जनुकं चालू करणारा मुकादमच कामावर नसतो, त्यामुळे झीन घटतं आणि इतर प्रथिनं वाढतात. भारतात १९७१ मध्ये या वंशातले शक्ती, रतन आणि प्रोटीना हे वाण आले. पण दाणा खडूसारखा मऊ, वजनाला हलका, किडीला बळी पडणारा. शेतकऱ्यानं तो घेतला नाही आणि त्याला दोष देता येत नाही. सुरिंदर वासल आणि इव्हांजेलिना विलेगास यांनी मेक्सिकोत अनेक वर्षं खपून लायसिन राखत दाणा पुन्हा टणक केला. त्या कामाला २००० सालचा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आता मिथिओनिनकडे येते. खान्देशातला आजचा मका भाकरीत फारसा जात नाही. ट्रॅक्टरनं मार्केटला जातो आणि तिथून बहुतेक कोंबडीखाद्याच्या आणि स्टार्चच्या कारखान्यांत. नवापूरच्या पोल्ट्र्या तुम्हाला माहीत असतील. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच सापडला आणि मक्याला विचारणारं कोणी उरतं की नाही या धास्तीनं आमच्या गल्लीत दोन आठवडे दुसरं बोलणं नव्हतं. मका-सोयाबीनच्या खाद्यात सर्वांत आधी जे कमी पडतं ते मिथिओनिन, म्हणून ते कारखान्यात तयार करून वरून घालावं लागतं. मक्यातच मिथिओनिन जास्त असेल तर? दहा किलोडाल्टन (हे रेणूच्या वजनाचं माप) वजनाचा डेल्टा झीन हे एक छोटं प्रथिन मिथिओनिननं गच्च भरलेलं असतं. बीएसएसएस-५३ या अमेरिकन वाणात ते भरपूर बनतं, एमओ-१७ या वाणात कमी. हे प्रमाण ठरवणारी जागा गुणसूत्रावर सापडली, तिला डीझेडआर-१ म्हणतात.

१९९४ मध्ये चौधुरी आणि मेसिंग यांनी या दोन वाणांचे उलटसुलट संकर केले. एमओ-१७ ची प्रत आईकडून आली तर दाण्यात डेल्टा झीन कमी. तीच प्रत बापाकडून आली तर तिचं काही चालत नाही, झीन भरपूर. एकच प्रत, एकच अक्षर-अक्षर क्रम, आणि आईच्या वाटेनं आली तर हुकूम चालतो, बापाच्या वाटेनं आली तर ती गप्प.

मी लगेच आजीच्या सुपाकडे गेले, मनातल्या मनात. आईच्या दोन, बापाची एक, म्हणून फरक, असंच ना? तसं नव्हतं. त्या दोघांनी दोन्ही बाजूंनी सारख्या संख्येनं प्रती येतील असे दाणे मिळवून पाहिले. फरक तसाच राहिला. म्हणजे हा मोजणीचा मामला नव्हता.

मोजणीपलीकडचं हे काहीतरी मक्यात त्याआधीही दिसलं होतं. १९७० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जेरी कर्मिकल यांनी दाण्याच्या वरच्या थराला जांभळा रंग देणाऱ्या आर जनुकाबद्दल लिहिलं. हे जनुक आईकडून आलं तर दाणा भरीव जांभळा, बापाकडून आलं तर ठिपकेदार. त्यांनी गुणसूत्रांची अशी मांडणी वापरली की बापाकडूनही दोन प्रती याव्यात. दाणे तरीही ठिपकेदारच निघाले. जनुकावर कुठून आलं याची खूण असते आणि ती खूण वाचली जाते, हे सस्तन प्राण्यांत उमगण्याच्या कितीतरी आधी मक्याच्या कणसानं दाखवलं होतं. आमच्या पुस्तकात मात्र या विषयाला उंदरापासून सुरुवात होती. कर्मिकल यांच्या प्रयोगाला त्यात एक ओळही नव्हती आणि ते मला आजही खटकतं.

ही खूण कशी लिहिलेली असते? डीएनएच्या सायटोसिन या अक्षरावर मिथिल नावाचा एक छोटा रासायनिक गट चिकटतो. अक्षर तेच राहतं, पण सहसा ते जनुक बंद पडतं. पेटीला कुलूप लावण्यासारखं आहे हे, पेटीतला ऐवज तोच असतो. परागण होण्याआधी, आईची ती दोन केंद्रकं थांबलेली असतात त्या मोठ्या पेशीत, काही जनुकांवरची कुलपं काढली जातात. अॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या भाऊबंद तणात हे काम करणाऱ्या एन्झाइमला डिमीटर असं नाव दिलंय. डिमीटर ही ग्रीकांची धान्याची देवी, पाताळात नेलेल्या लेकीसाठी झुरणारी आई. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. बापाची प्रत परागकणातून येते ती कुलपासकट. मग दाण्यात आईच्या उघड्या प्रती बोलतात आणि बापाची गप्प असते. १९९५ मध्ये लुंड, सिचेरी आणि विओत्ती यांनी अल्फा झीनच्या काही प्रतींत नेमकं हेच पाहिलं: आईकडून आलेल्या प्रतीवरचे मिथिल गट निघालेले आणि तीच जास्त बोलणारी.

काही प्रतींत, सगळ्या नव्हे. हे मी वर्गात दोनदा सांगते, कारण ऐकणाऱ्याला लगेच सगळं आईकडूनच येतं असं म्हणायचा मोह होतो. झीनच्या बहुतेक जनुकांत दोनास एक हाच हिशेब चालतो. वाणावाणानुसारही बदल असतो, एका वाणातल्या प्रतीवर खूण आणि दुसऱ्यातल्या त्याच जनुकावर काही नाही. २०११ मध्ये मक्याचा पूर्ण जनुकसंच चाळला तेव्हा अशी जनुकं शेकड्याच्या घरात निघाली, आणि त्यांतली काही उलट वागणारी, बापाकडून आली तरच बोलणारी.

असं का व्हावं, यावर हेग आणि वेस्टोबी यांनी १९८९ मध्ये एक विचार मांडला. मला तो कणीस हातात घेतल्याशिवाय नीट समजला नाही. कणसावरचे सगळे दाणे आईचे. तिच्याकडचं अन्न मोजकं, आणि ते सगळ्यांत वाटायचं. बाप मात्र प्रत्येक दाण्याचा वेगळा असू शकतो, त्याच्या जनुकांना शेजारच्या दाण्याशी देणंघेणं नाही. बापाकडून आलेली प्रत ओढते, आईकडून आलेली आवरते, आणि भ्रूणपोष म्हणजे ही ओढाताण चालते ती जागा. १९८४ मध्ये लिन यांनी दाखवलं होतं की दोनास एक हे प्रमाण बिघडलं तर मक्याचा दाणा नीट भरतच नाही. साठवणीच्या प्रथिनांना हा विचार कितपत लागू पडतो यावर मतभेद आहेत, आणि मलाही झीनच्या बाबतीत तो पुरता पटलेला नाही. पण कणसाच्या टोकाचे बारके दाणे आणि बुडाचे टपोरे दाणे पाहताना तो आठवतो.

आजीला मी यातलं बरंचसं सांगितलं. ती तेव्हा ऐंशीच्या पुढे होती, कानबाईच्या रोटांचे गहू निवडत बसली होती. कुलपाचं ऐकून तिनं विचारलं ते मला कोणी कधी विचारलं नव्हतं. तिनं आणलेल्या सहा कणसांची खूण अजून या दाण्यांत असेल का? म्हणजे तिच्या माहेरच्या मळ्याची, तिच्या आईनं निवडलेल्या बियाण्याची?

उत्तर मला माहीत होतं आणि मी ते लगेच दिलं नाही. चौधुरी आणि मेसिंग यांच्या त्याच लेखात, शेवटाकडे, दुसऱ्या पिढीचा प्रयोग आहे. एमओ-१७ ची प्रत आजीकडून आली की आजोबांकडून, याचा दाण्यावर काहीही परिणाम होत नाही. थेट आई कोण आणि थेट बाप कोण एवढंच बघितलं जातं, दर पिढीला नव्यानं. डीझेडआर-१ ची खूण पुढे जात नाही. आईकडची उघडी प्रत भ्रूणपोषात असते, आणि भ्रूणपोष तर कोंबाला खाऊ घालून संपतो. माझ्या बावीस पाकिटांचंही तेच झालं असतं. आजीनं केलेले गडद आणि फिक्या दाण्यांचे दोन ढीग शेजारी-शेजारी पेरले असते तर उगवलेल्या झाडांत फरक दिसला नसता.

आजीचा प्रभाव नाही. लेखात ते वाचताना साधा निष्कर्ष होता. तिच्यासमोर बसून तो मराठीत उच्चारायचा म्हटल्यावर जीभ जड झाली. मी शेवटी सांगितलं. खूण राहत नाही, म्हटलं, दर हंगामाला पुसली जाते, पण बी तेच आहे, अक्षरं तीच आहेत.

तिनं थोडा वेळ गहू निवडले. मग म्हणाली की म्हणूनच दर वर्षी पिवळे दाणे काढावे लागतात. एकदा काढून भागत नाही.

मी खूणेबद्दल बोलत होते आणि ती बियाण्याच्या शुद्धतेबद्दल. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी तिला तसं म्हणणारही होते. म्हटलं नाही. तिचं उत्तर माझ्या प्रश्नाचं नव्हतं, तरी मला तेच हवं होतं असं वाटलं. अजूनही तसंच वाटतं, आणि का, हे मला नीट सांगता येत नाही.

आजीला जाऊन अकरा वर्षं झाली. शेवटच्या काही वर्षांत घरचा पांढरा मका बंद पडला होता. नाना थकले, चार ओळींसाठी वेगळी मेहनत कोण घेणार. पण तिच्या माहेरी, माझ्या बापाच्या मामेभावाच्या घरी, तो अजून आहे. आम्ही त्यांना जिभाऊ म्हणतो. गेल्या वर्षी मी गेले तेव्हा जिभाऊंनी सऱ्यावरून दोन जोड्या सोडून दिल्या, पाला काळा, आत दाणे पांढरे.

ते बी मी यंदा रब्बीत मळ्याच्या मधोमध लावलं. शेजारच्या बापूंना जाऊन विचारलं, त्यांचा पिवळा हायब्रीड ते कधी पेरणार. त्यांनी तारीख सांगितली. मी माझा वीस दिवस उशिरा पेरला, म्हणजे त्यांचे तुरे झडून जातील तेव्हा माझ्या मिशा निघतील. लष्करी अळीनं दोन वेळा पोंगे खाल्ले, नानांनी खाटेवरून सूचना दिल्या, माझ्या लेकीनं सुट्टीत सकाळी पोंग्यांतल्या अळ्या वेचल्या. मार्चमध्ये कणसं वाळली.

परवा ओट्यावर बसून पहिलं कणीस सोललं. सोळा ओळी, सगळ्या पांढऱ्या, आणि मधल्या एका ओळीत तीन दाणे पिवळे. बापूंच्या शेतात एखादं झाड उशिरा तुऱ्यावर आलं असणार.

लेकीनं विचारलं, हे वेगळे का. मी तिला कणीस दिलं आणि उन्हाकडे धरायला सांगितलं. तिनं धरलं, बराच वेळ पाहिलं. पिवळे दाणे फिके होते, लोण्यासारखे.

"यांची आई पांढरी आहे," ती म्हणाली.

मग तिनं अंगठ्याचं नख लावलं. पहिला दाणा निघायला वेळ लागला.